चिनी विद्यार्थ्याला ‘ओपन’ कसं शिकवावं

जून महिन्यातली संध्याकाळ. मेलबर्नला तेव्हा ऐन हिवाळा, सव्वापाचलाच अंधारून येतं. इथल्या बॉक्स हिल भागात आम्ही काही जण आठवड्यातून एकदा चिनी मंडळींसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतो. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मुलगा-सून नोकरीला जातात, हे नातवंडं सांभाळायला आलेले. त्या दिवशी एका आजींना वहीतलं नीट दिसेना. त्या म्हणाल्या, “लाओशी, ओपन द लाईट, प्लीज.” लाओशी म्हणजे बाई किंवा सर, शिक्षकाला हाक मारायचा शब्द. मी उठून दिवा लावला. त्यांचं म्हणणं मला समजलं होतं, म्हणून वाक्य सुधारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघराचा दिवा लागेना. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला, “आय कान्ट ओपन द लाईट.” तो शिडी आणि पेचकस घेऊन आला आणि छताच्या दिव्याचं काचेचं झाकण काढायला लागला. आजींच्या वाक्याचा त्याला लागलेला अर्थ बरोबरच होता, झाकण उघडत नाही. बिघाड मात्र भिंतीवरच्या बटणात होता. आजींना हातवारे करून ते सांगायला अर्धा तास लागला, आणि मला वर्गात ते ऐकताना फार वाईट वाटलं. आठवड्यापूर्वी मी दोन मिनिटं दिली असती तर ही वेळ आली नसती.

तेव्हापासून हा एक शब्द मी नीट शिकवायला लागले. परदेशात असे वर्ग घेणारे मराठी लोक आहेत, चिनी सहकाऱ्यांबरोबर इंग्रजीत काम करणारे आहेत, पुण्या-मुंबईत चिनी शिकणारेही आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून माझी पद्धत इथे क्रमानं लिहिते.

आधी आपण ‘खाय’ शिकायचं

‘ओपन द लाईट’ ही चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. चिनी भाषेतला एक शब्द इंग्रजी वाक्यात जसाच्या तसा येऊन बसलेला असतो. तो शब्द आपल्याला माहीत नसेल तर आपण फक्त ‘असं नाही, तसं म्हणा’ एवढंच सांगू शकतो, आणि तसं सांगितलेलं दोन दिवसांत पुसलं जातं.

हा शब्द रोमन लिपीत के-ए-आय असा लिहितात. मराठी माणसाने तो ‘खाय’ म्हणावा. चिनी उच्चारांच्या रोमन लेखनात ‘के’ म्हणजे आपला महाप्राण ख, आणि ‘जी’ म्हणजे आपला साधा क. त्यामुळे बंद करण्याचा शब्द रोमनमध्ये जी-यू-ए-एन असला तरी तोंडात ‘क्वान’ यायला हवा. क आणि ख यांतला फरक आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे, त्याचा फायदा घ्यावा. चिनीत प्रत्येक अक्षर ठरलेल्या सुरात म्हणतात. या दोन्ही शब्दांचा सूर पहिला, म्हणजे उंच आणि सपाट.

‘खाय’च्या अक्षराचं जुनं रूप मी वर्गातल्या फळ्यावर आवर्जून काढते. बाहेर दोन फळ्यांचं दार, आत एक आडवी दांडी, आणि ती दांडी खालून वर उचलणारे दोन हात. म्हणजे दाराचा अडसर काढणं. 1956 च्या लिपी-सुधारणेत बाहेरचं दार गळालं आणि दांडी नि हात तेवढे उरले. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजूनही दारासकट लिहितात. इंग्रजी ‘ओपन’ची गोष्टही जवळपास हीच आहे. तो ‘अप’ या शब्दाच्या कुळातला, वर उचललेलं अशा मुळातून आलेला. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण सुरुवात दोघींनी एकाच हालचालीपासून केली. हे सांगितलं की विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात, आणि आपली भाषा इंग्रजीच्या आड येते ही त्यांच्या मनातली भीतीही थोडी कमी होते.

पुढे मात्र दोन्ही शब्दांचे रस्ते वेगळे झाले. ‘ओपन’ दारापाशी, झाकणापाशी राहिला. ‘खाय’ फार लांब गेला. दार खाय, दिवा खाय, टीव्ही खाय. गाडी चालवणं म्हणजे ‘खाय छ’. बैठक घेणं म्हणजे ‘खाय ह्वेय’. शाळा सुरू होणं, फूल उमलणं, दुकान काढणं, डॉक्टरने औषध लिहून देणं, पावती करून देणं, बंदूक झाडणं, थट्टा करणं, सगळीकडे खाय. उकळलेलं पाणी म्हणजे ‘खायश्वेय’. आनंदी म्हणजे ‘खायशिन’, शब्दशः मन उघडलेलं. आणि विजेच्या बटणाला चिनी शब्द आहे ‘खायक्वान’, म्हणजे उघड-बंद. ज्या माणसाच्या भाषेत बटणाचं नावच उघड-बंद आहे, तो दिवा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ करणार नाही तर काय करणार!

मग मराठीकडे बघायचं

ही पायरी शिकवणाऱ्यासाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही.

आपण दार उघडतो आणि दिवा लावतो किंवा चालू करतो. इथपर्यंत मराठी इंग्रजीच्या बाजूने आहे, दोन कामांना दोन शब्द. पण उलट दिशेला बघा. दार बंद कर, दिवा बंद कर, नळ बंद कर, पंखा बंद कर. म्हणजे चालू करताना आपण इंग्रजीसारखे आणि बंद करताना चिनीसारखे! ‘क्वान’ आणि ‘बंद कर’ जवळजवळ एकमेकांवर बसतात. आपल्याकडेही ‘क्लोज द फॅन’ म्हणणारी माणसं भेटतात, त्याचं कारण हेच.

‘लाव’ या शब्दाने तर मजाच केली आहे. ‘दिवा लाव’ म्हणजे चालू कर, आणि ‘दार लाव’ म्हणजे बंद कर. आपल्याला यात काहीच खटकत नाही, कारण प्रत्येक वस्तूबरोबर कुठला अर्थ येतो ते आपण आईच्या बोलण्यातून उचललेलं असतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची मात्र इथे त्रेधा उडेल. चिनी आजोबांना ‘टर्न ऑन’ आणि ‘ओपन’ सारखेच का वाटतात, असा प्रश्न पडला की मी स्वतःला ‘दार लाव, दिवा लाव’ आठवून देते. मग आवाजात वैताग येत नाही.

पहिली पायरी : वस्तूंचे ढीग करा

व्याख्या सांगत बसू नका. वर्गात वस्तू न्या. डबा, बाटली, पाकीट, छत्री, पुस्तक, विजेरी, खेळण्यातली गाडी, मोबाईल. टेबलावर ठेवा आणि विद्यार्थ्यांना म्हणा, या सगळ्या वस्तू तुमच्या भाषेत ‘खाय’ होतात ना? मग आता इंग्रजीसाठी त्यांचे ढीग करू.

पहिल्या ढिगासाठी एकच प्रश्न: आतलं झाकलेलं काही आता दिसायला लागतं का, किंवा आतबाहेर जायला वाट होते का? होत असेल तर ओपन. डबा, बाटली, पाकीट, दार, खिडकी, पडदे, पुस्तक, डोळे, तोंड, छत्री. या ढिगात चिनी माणूस सहसा चुकत नाही, म्हणून इथे वेळ घालवू नका.

दुसऱ्या ढिगासाठी प्रश्न: काही वाहायला लागतं का? वीज, पाणी, गॅस. असेल तर टर्न ऑन, आणि विजेच्या वस्तूंना स्विच ऑनही चालतं. दिवा, टीव्ही, एसी, पंखा, हीटर, नळ, शेगडी. थांबवायचं असेल तर टर्न ऑफ. विजेरी दोन्ही ढिगांत जाते, आणि म्हणून ती वर्गात न्यायलाच हवी. ‘ओपन द टॉर्च’ म्हटलं की मी तिचं मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढते. ‘टर्न ऑन द टॉर्च’ म्हटलं की बटण दाबते. मी तोंडाने एक शब्दही समजावत नाही. चार-पाच वेळा हे झालं की वर्गातलेच लोक एकमेकांना सुधारायला लागतात.

मोबाईल आणि संगणकापाशी जरा थांबा, कारण रोजचा गोंधळ इथेच आहे. यंत्राला टर्न ऑन, यंत्राच्या आतल्या गोष्टींना ओपन. फोन टर्न ऑन करायचा, त्यातलं वीचॅट ओपन करायचं. संगणक टर्न ऑन, फाईल ओपन. ‘ओपन द कॉम्प्युटर’ म्हटलं तर इंग्रजी माणसाला स्क्रू काढून पेटी उघडलेली दिसते, आणि लॅपटॉप असेल तर वर उचललेलं झाकण दिसतं. चिनी भाषेत ‘ताखाय’ हा शब्द पेटीलाही चालतो, संगणकालाही आणि अ‍ॅपलाही. त्यामुळे हा फरक नुसता सांगून राहत नाही, हातात फोन देऊन दहा वेळा म्हणवून घ्यावा लागतो.

एखादा हुशार विद्यार्थी नळाबद्दल विचारेल, पाण्याला वाट होते, मग ओपन का नको? प्रश्न रास्त आहे. नळ आपण पिरगळतो आणि पाणी सुरू होतं, म्हणून रोजच्या बोलण्यात टर्न ऑन. पण कारखान्यातला पाइपावरचा व्हॉल्व्ह ओपनच होतो. ‘ओपन द टॅप’ म्हणणारेही भेटतात, त्यावरून विद्यार्थ्याला टोकू नका.

तिसरा ढीग म्हणजे जिथे ओपनही नाही आणि टर्न ऑनही नाही. गाडी ‘ड्राइव्ह’ करायची, इंजिन ‘स्टार्ट’ करायचं. बैठक ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’ करायची. पाणी ‘बॉइल’ होतं. डॉक्टर औषध ‘प्रिस्क्राइब’ करतात. पावती ‘इश्यू’ होते, बोलताना ‘कॅन आय हॅव अ रिसीट’ एवढं पुरतं. थट्टा करतोय म्हणायला ‘आय अ‍ॅम किडिंग’. इथे नियम शोधायला जाऊ नका, कारण नियम नाही. प्रत्येक जोडी पाठच करावी लागते, आणि विद्यार्थ्याला हे स्पष्ट सांगितलेलं त्याला आवडतं. चीनमध्ये शिकलेल्या माणसाला पाठांतराचा कंटाळा नसतो. नियम आहे असं सांगून नंतर अपवाद काढत राहिलं की मात्र त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

‘ओपन वॉटर’ हा शब्दही इथेच सांगून टाका. चीनमध्ये रेल्वे स्थानकांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत उकळलेल्या गरम पाण्याची सोय असते, आणि त्या खोलीवर कधी कधी इंग्रजीत ‘ओपन वॉटर रूम’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत ओपन वॉटर म्हणजे समुद्र, तलाव, नदी, जिथे पोहण्याच्या शर्यती होतात. चहाच्या थर्मासात भरायचं पाणी ‘हॉट वॉटर’ किंवा ‘बॉइल्ड वॉटर’. ऑस्ट्रेलियातल्या उपाहारगृहात आजी-आजोबांना हा शब्द रोज लागतो. थंड पाणी प्यायची त्यांना सवय नसते आणि समोर येतं ते बर्फ घातलेलं.

दुसरी पायरी : दुकान उघडं आहे की उघडलं?

पहिली पायरी ऐकणाऱ्याला लगेच जाणवणाऱ्या चुकीची होती. आताची चूक कुणी टोकत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहते. चांगलं इंग्रजी बोलणारे तरुण चिनी इंजिनिअरही ‘द शॉप इज ओपन्ड’ म्हणतात.

यात दोष थोडा इंग्रजीचाही आहे. बंद असलेल्या दुकानाला इंग्रजी ‘क्लोज्ड’ म्हणतं, क्रियापदाला शेपूट लावून. उघड्या दुकानाला मात्र नुसतं ‘ओपन’, शेपूट नाही. विद्यार्थी शिस्तीने विचार करतो, क्लोज्डला शेपूट आहे तर ओपनलाही हवं. त्याचं तर्कशास्त्र बरोबर आहे, भाषाच वाकडी आहे. उलट चूकही होते, ‘द शॉप इज क्लोज’. त्या ‘क्लोज’चा उच्चार स ने केला तर अर्थ होतो, दुकान जवळ आहे. माणूस आनंदाने चालत जातो आणि कुलूप बघून परत येतो.

हे समजावायला चिनीतच सोय आहे. ‘मन खाय-च’ म्हणजे दार उघडं आहे, स्थिती. ‘मन खाय-ल’ म्हणजे दार उघडलं, घटना. मन म्हणजे दार, खायच्या मागे लागणारं छोटं अक्षर बदललं की अर्थ बदलतो. फळ्यावर दोन रकाने करा. ‘खाय-च’ खाली ‘द डोअर इज ओपन’ लिहा, ‘खाय-ल’ खाली ‘द डोअर ओपन्ड’. ‘द डोअर वॉज ओपन्ड’ तेव्हाच, जेव्हा कुणीतरी ते उघडलं हे सांगायचंय. आपल्यालाही हे सोपं जातं, कारण मराठीत ‘उघडं आहे’ आणि ‘उघडलं’ हे दोन वेगळे शब्द आहेतच, आणि ‘दार उघडलं’ नि ‘मी दार उघडलं’ दोन्ही एकाच क्रियापदाने होतात, अगदी इंग्रजी ओपनसारखे.

याच्या पुढचा प्रश्न कालावधीचा. ‘हे दुकान तीन वर्षं चालू आहे’ हे चिनी माणूस ‘द शॉप हॅज ओपन्ड फॉर थ्री यिअर्स’ असं सांगतो. उघडणं क्षणात होतं, ते तीन वर्षं कसं चालेल? म्हणून ‘हॅज बीन ओपन फॉर थ्री यिअर्स’. चीनमधल्या माध्यमिक शाळेच्या परीक्षेत हा हमखास प्रश्न असतो. तिथे क्षणात संपणारी क्रियापदं आणि टिकणारी क्रियापदं अशा जोड्या पाठ करून घेतात, ‘ओपन’ला ‘बी ओपन’, ‘बाय’ला ‘हॅव’, ‘बॉरो’ला ‘कीप’. त्यामुळे तरुण विद्यार्थ्याला नियम विचारलात तर तो तुमच्यापेक्षा चांगला सांगेल. बोलताना मात्र चुकेल. त्याला नियम पुन्हा शिकवू नका, बोलायला लावा. वर्गाबाहेरच्या दुकानांची यादी द्या आणि जाऊन विचारून या म्हणा: ‘हाऊ लाँग हॅव यू बीन ओपन?’ दुकानदार खूश होऊन गोष्टी सांगतात आणि वाक्य तोंडात बसतं.

वयस्कर विद्यार्थ्यांचं वेगळं. चीनमध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणायचा निर्णय 2001 चा. आजी-आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी शाळेत इंग्रजी पाहिलंच नाही, आणि त्यांच्या आधीच्यांनी 1950 च्या दशकात रशियन शिकलं. त्यांच्यासमोर व्याकरणाची नावं घेऊ नका. त्यांना पाट्या द्या. एका बाजूला ‘ओपन’, दुसऱ्या बाजूला ‘क्लोज्ड’ असलेली दुकानाची पाटी दहा डॉलरच्या आत मिळते. ती दाराला लटकवा, उलटी करा, सुलटी करा, विचारत राहा.

उच्चार

थोडक्यात सांगते. ‘ओपन’मध्ये जोर पहिल्या भागावर, दुसरा भाग अगदी हलका. चिनीत प्रत्येक अक्षराला स्वतःचं वजन असतं, म्हणून ते ‘ओ’ आणि ‘पन’ दोन्ही सारख्याच जोराने म्हणतात. दुसरी अडचण जोडून बोलण्याची. ‘ओपन इट’ हे इंग्रजीत ‘ओपनिट’ होतं. चिनीत न पुढच्या स्वरात मिसळत नाही, म्हणून मधे फट पडते. टाळी वाजवत म्हणवून घ्या: ओपनिट, ओपनिटप.

खरी कसोटी ‘क्लोज्ड’ची आहे. प्रमाण चिनीत तो कंप पावणारा झ नाही, आणि शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं एकत्र येत नाहीत. झ आणि ड दोन्ही गळले की ‘क्लो’ उरतं. गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगा, मधमाशीसारखा आवाज काढायला सांगा, बोटांना थरथर जाणवली की मग ड. आजींना हे जमायला तीन आठवडे लागले, आणि जमलं तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला गळ्याला हात लावून दाखवलं.

तिसरी पायरी : ढकलून उघडणं

इथे चिनी विद्यार्थी आपल्या पुढे असतो. चिनीत दुसऱ्या क्रियापदाच्या मागे खाय जोडतात आणि निकाल सांगतात. ढकलून उघडणं ‘थ्वेयखाय’, डोळे उघडणं ‘चंगखाय’, वेगळं करणं ‘फनखाय’, बाजूला हो म्हणायला ‘त्सोउखाय’. इंग्रजीही हेच करतं: पुश ओपन, कट ओपन, ब्रेक ओपन. फक्त वस्तूची जागा सांभाळावी लागते. ‘पुश द डोअर ओपन’ आणि ‘पुश ओपन द डोअर’ दोन्ही चालतात, पण दाराऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं, ‘पुश इट ओपन’. ही रचना आपल्या भाषेतही आहे हे कळलं की ते एकापाठोपाठ एक वाक्यं करायला लागतात. नेहमी चूकच दाखवत राहण्यापेक्षा असं काहीतरी त्यांच्या हाती द्यावं.

चौथी पायरी : माणसं आणि मोठे शब्द

मध्यम पातळीच्या पुढच्यांसाठीच ही पायरी. ‘ओपन’ विशेषण म्हणून येतं तेव्हा चिनीत त्याचे दोन रस्ते होतात. सर्वांसमोर, जाहीर या अर्थी ‘कोंगखाय’: ओपन लेटर, ओपन सीक्रेट, टेनिसची ऑस्ट्रेलियन ओपन. बाहेरच्यांना प्रवेश आहे या अर्थी ‘खायफांग’: शाळेचा ओपन डे, मुक्त विद्यापीठ. डिसेंबर 1978 मध्ये सुरू झालेल्या चीनच्या आर्थिक धोरणाच्या नावातही हाच खायफांग आहे, आणि त्याचं ठरलेलं इंग्रजी ‘रिफॉर्म अँड ओपनिंग-अप’. शेनझेन 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं ते याच धोरणातून. वर्गातल्या मंडळींनी हा काळ स्वतः जगलेला असतो, त्यामुळे ‘ओपन अप’ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. देश ओपन अप होतो, नवा रस्ता ओपन अप होतो, आणि मन मोकळं करणारा माणूसही ओपन अप होतो.

माणसाबद्दल बोलताना जपावं लागतं. चिनीत एखादी व्यक्ती खायफांग आहे म्हटलं तर वागण्यात, विशेषतः स्त्री-पुरुष संबंधांत मोकळी, अशी छटा येऊ शकते. इंग्रजीत ‘शी इज व्हेरी ओपन’ म्हणजे ती मनातलं लपवत नाही. त्यामुळे एखादी विद्यार्थिनी हे ऐकून संकोचते किंवा दुखावतेही. आणि हसतमुख, बोलकी या अर्थाचा चिनी शब्द ‘खायलांग’. त्याचं भाषांतर ती ‘ओपन’ करते, तेव्हा तिला ‘चिअरफुल’ किंवा ‘आउटगोइंग’ म्हणायचं असतं. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना हा फरक कामाला येतो. ‘ओपन टू’ वेगळं शिकवा, ‘आय अ‍ॅम ओपन टू सजेशन्स’ म्हणजे सूचना ऐकायची तयारी आहे.

विजेचं काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना

विद्यार्थी इलेक्ट्रिशियन किंवा इंजिनिअर असेल तर ही सूचना पहिल्याच दिवशी द्या, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. विजेच्या तांत्रिक भाषेत ‘ओपन’ म्हणजे बंद! परिपथ, म्हणजे सर्किट, खुला झाला की प्रवाह तुटतो. ‘ओपन द ब्रेकर’ म्हणजे वीज तोडा, ‘क्लोज द ब्रेकर’ म्हणजे वीज सोडा. रोजच्या चिनीतला खाय याच्या बरोब्बर उलट आहे. चिनीत तांत्रिक शब्द वेगळे आहेत, तोडण्याला ‘त्वानखाय’ आणि जोडण्याला ‘पीह’, आणि शाळेच्या भौतिकशास्त्रात ते शिकवलेले असतात. पण घाईत, गोंगाटात, परक्या भाषेत माणसाला सुचतो तो घरातला शब्द. म्हणून साइटवर ओपन-क्लोजऐवजी ‘पॉवर ऑन’ आणि ‘पॉवर ऑफ’ म्हणायची सवय लावावी, आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवल्याशिवाय हात लावू नये.

चूक कशी सुधारायची

बोलणं मधेच तोडू नका. आजोबा म्हणाले, ‘आय ओपन द टीव्ही अँड सी द न्यूज’, तर आपण विचारावं, ‘ओह, यू टर्न्ड ऑन द टीव्ही. व्हॉट वॉज ऑन द न्यूज?’ बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही थांबत नाहीत. एका वर्गात एकच जोडी धरावी. ओपन-टर्न ऑन चालू असताना ‘इज ओपन्ड’ कानावर आलं तरी त्या दिवशी सोडून द्यावं. चारचौघांत, तेही नातवंडांच्या वयाच्या शिक्षकासमोर चुकणं हे या वयाच्या माणसांना फार लागतं. एकदा गप्प झालेला माणूस महिनाभर तोंड उघडत नाही.

जिथे दोन्ही भाषा जुळतात त्या जागा मुद्दाम दाखवा. बँकेत ‘ओपन अ‍ॅन अकाउंट’ चिनीतही खायच आहे, ‘खायहू’. दुकान किंवा शाखा ‘ओपन’ करणं दोन्हीकडे चालतं. कंपनीला मात्र ‘स्टार्ट’ जास्त बरं. ‘ओपन फायर’ म्हणजे गोळीबार सुरू करणं, तेही दोन्हीकडे एकच, ‘खायह्वो’. पण चिनीत हाच शब्द शेगडी पेटवण्यालाही चालतो, तेव्हा स्वयंपाकघरात ‘टर्न ऑन द गॅस’ असंच म्हणायचं हे बजावून ठेवा.

शेवटचा सराव : पाठीला पाठ लावून फोन

समोरासमोर हातवारे मदतीला येतात, म्हणून खरी परीक्षा फोनवर. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. एकाने घरमालकाच्या दुरुस्तीवाल्याची भूमिका घ्यायची, दुसऱ्याला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर फक्त चित्र: न उघडणारी खिडकी, न लागणारा हीटर, न थांबणारा नळ, न सुरू होणारी गाडी. वाक्याचा साचा एकच, ‘द अमुक वोन्ट तमुक’. द विंडो वोन्ट ओपन. द हीटर वोन्ट टर्न ऑन. द टॅप वोन्ट टर्न ऑफ. द कार वोन्ट स्टार्ट. ऐकणाऱ्याने कागदावर लिहायचं की तो कुठली हत्यारं घेऊन येणार. शिडी लिहिली की पेचकस, यावरून वाक्य पोचलं की नाही ते लगेच कळतं.

आजींना मी दिव्याचीच चिठ्ठी दिली. त्या थोडा वेळ चित्राकडे बघत बसल्या, मग गळ्याला दोन बोटं लावून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाल्या, “द लाईट वोन्ट टर्न ऑन. द कव्हर इज क्लोज्ड. कव्हर इज ओके. प्लीज लुक अ‍ॅट द स्विच.” मागच्या खुर्चीवरच्या आजोबांनी कागदावर शिडी काढली होती. ती त्यांनी खोडली.